यमाला विश्रांतीची संधी: गूढ शब्दकोडे सोडवायचे कसे आणि पटवायचे कसे

महापालिकेला द्यावा लागणारा हात (२).

गूढ शब्दकोड्यातली सूचना अशी दिसते. कंसातला आकडा सांगतो की उत्तर दोन घरांचे आहे. एका दमात वाचले तर वाक्य विचित्र वाटते, कारण महापालिकेला हात कोणी देत नाही. आता तेच वाक्य 'लागणारा' या शब्दापाशी तोडा. महापालिकेला द्यावा लागणारा तो कर. आणि हात म्हणजेही कर. दोन वाटांनी निघालो आणि एकाच शब्दाशी पोचलो, म्हणजे उत्तर पक्के.

रोजच्या साध्या शब्दकोड्यात नुसते 'हात (२)' असते. तिथे कर बसतो, हस्त बसतो, बाहू बसतो, पाणिही बसतो. यातला कोणता हे आडव्या-उभ्या शब्दांच्या छेदावरून ठरते. गूढ कोड्यात सूचना एकच शब्द दोनदा सांगते: एकदा सरळ अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या खेळाने. त्यामुळे उत्तराची खातरजमा सूचनेतच असते, शेजारची घरे रिकामी असली तरी. म्हणून या कोड्यात उत्तर सापडणे हे निम्मे काम. 'हेच का आणि दुसरे का नाही' हे सांगता आले की ते पुरे होते. या सांगण्याला इथे उकल म्हणू. सूचनेतल्या सरळ भागाला अर्थ, खेळाच्या भागाला कृती, आणि कोणती कृती करायची ते सुचवणाऱ्या शब्दाला इशारा.

पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आले. ते आर्थर विन यांनी रचले होते. गूढ वळण मिळाले इंग्लंडमध्ये, १९२० च्या दशकात, 'ऑब्झर्व्हर'मधल्या टॉर्केमाडा या टोपणनावाच्या कोडेकारामुळे. लंडनच्या 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० पासून कोडे छापायला सुरुवात केली. पण शब्द फोडून भलताच अर्थ काढण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. संस्कृत सुभाषितातला 'केशव' पडतो आणि पांडव आनंदतात, कारण तिथे 'के' म्हणजे पाण्यात आणि 'शव' म्हणजे प्रेत. उत्तर श्लोकातच दडलेले असेल तर ती अंतर्लापिका, बाहेरून आणायचे असेल तर बहिर्लापिका, असे वर्गीकरणही आपल्याकडे झालेले होते. इंग्रजी कोड्याचे नियम मात्र जसेच्या तसे मराठीत चालत नाहीत, आणि त्याचे कारण घरात बसणाऱ्या अक्षरात आहे.

घरात काय बसते

मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर यांसकट. नाशिक तीन घरांचे. द्राक्ष दोनच घरांचे: द्रा, क्ष. सप्तशृंगी चार घरांची: स, प्त, शृं, गी. त्र्यंबकेश्वर एवढा लांबलचक दिसतो, पण त्याला पाच घरे पुरतात, कारण 'त्र्यं' एकाच घरात मावते.

यातून चार गोष्टी निघतात आणि चारही हाताशी ठेवाव्या लागतात.

छेदातून मिळणारी माहिती भरपूर असते. इंग्रजीत छेदाने एक सुटे अक्षर मिळते. आपल्याकडे 'शृं' मिळाले तर शब्द जवळपास सापडलाच. उलट बाजूने, 'प' आणि 'पं' एकमेकांना छेदू शकत नाहीत. 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण', 'शि' आणि 'शी' हेही नाही. छेदात थोडाही फरक दिसला की दोनांपैकी एक उत्तर चुकलेले आहे. 'चालतंय' म्हणून पुढे जाऊ नका. लगेच थांबून दोन्ही उत्तरे तपासा.

शब्द उलटवायचा तो अक्षराअक्षराने, मात्रा ज्याची त्याच्याकडे ठेवून. वाल्या कोळ्याने 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' झाले, ते याच नियमाने. 'रा' अख्खा उचलून पुढे आला, काना मागे राहिला नाही. तसाच सडा उलटला की डास होतो: 'सडा उलटला, चावरा निघाला (२)'.

अक्षरे विस्कटून नवा शब्द करायचा, तरी नियम हाच. इथे नवखे हटकून फसतात. 'वानर' आणि 'नवरा' यांत व, न, र आणि एक काना आहे, म्हणून एकातून दुसरा निघेल असे वाटते. निघत नाही. वानरात काना 'व'वर आहे, नवऱ्यात 'र'वर. घरांच्या हिशेबाने वा-न-र आणि न-व-रा यांत 'न' सोडला तर एकही अक्षर सामाईक नाही. त्यामुळे विस्कटायच्या सूचना मराठीत इंग्रजीपेक्षा खूप कमी असतात, आणि असतात त्या बहुधा बिनमात्रेच्या शब्दांवर. 'बिघडलेले कलम तळ्यात फुलते (३)' ही त्यातली चांगली सूचना. द्राक्षबागेत राबणाऱ्याला वाटेल की खुंटावर बांधलेले कलम वाया गेले. प्रत्यक्षात क-ल-म ही तीन अक्षरे 'बिघडवली' की क-म-ल होते, आणि तळ्यात कमल फुलते. इथे बोलण्यातल्या सवयीने 'कमळ' लिहिलेत तर अर्थ जुळेल, कृती जुळणार नाही, आणि छेदणारा शब्दही अडेल. अर्थ बरोबर असूनही उत्तर चुकीचे कसे ठरते, ते या एका अक्षरात दिसते.

चौथी गोष्ट शुद्धलेखनाची. आज मराठी कोडी १९६२ च्या, आणि १९७२ मध्ये भर पडलेल्या, शुद्धलेखन नियमांप्रमाणे रचावीत आणि सोडवावीत. जुन्या पुस्तकांत 'नांव', 'पांच' असे अनुच्चारित अनुस्वार असतात. ते घरात आणले तर छेद जुळत नाहीत.

वाक्य कुठे तोडायचे

अर्थ सूचनेच्या अगदी सुरुवातीला असतो किंवा अगदी शेवटी. मध्ये कधीच नसतो. हा एक नियम पक्का लक्षात ठेवला तर निम्मी सूचना मोकळी होते. पेन्सिलीने वाक्यात एकेका ठिकाणी उभी रेघ मारून पाहायची: रेघेच्या डावीकडचा तुकडा अर्थ असू शकतो का? नसेल तर उजवीकडचा? मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे 'तिथे हा राबतो', 'तळ्यात फुलते' असा अर्थ शेवटी येण्याकडे कल असतो. पण 'आठवड्यातला एक' किंवा 'थोडेसे' असे सुरुवातीचे अर्थही कमी नसतात.

वाक्य वाचताना जे चित्र डोळ्यांपुढे येते ते मुद्दाम उभे केलेले असते. त्याच्यामागे जाऊ नका. विरामचिन्हांकडेही पाहू नका. स्वल्पविराम वाक्याच्या वरवरच्या अर्थासाठी असतो, तुकडे पाडण्यासाठी नसतो. शब्द मात्र एकही सोडायचा नाही. चांगल्या सूचनेत प्रत्येक शब्द कामाला असतो: अर्थात, कृतीत किंवा दोन्ही जोडणाऱ्या 'म्हणजे', 'ती', 'आणि' यांसारख्या दुव्यात. उत्तर सापडले आणि सूचनेतला एखादा शब्द रिकामा बसलेला दिसला, तर शंभरातल्या नव्वद वेळा आपले उत्तर चुकलेले आहे असे धरून चालावे.

प्रत्ययांची गंमत आणि त्रास

मराठीत हा भाग सर्वांत श्रीमंत आहे, आणि इंग्रजी कोड्यांचे मार्गदर्शन वाचून आलेल्यांना इथेच अडायला होते. इंग्रजीत 'आत' सांगणारा शब्द सुटा असतो. आपल्याकडे तो 'त' होऊन शब्दाला चिकटतो, आणि चिकटताना शब्दाचे रूप बदलतो. पाऊस, पण पावसात. देऊळ, पण देवळात. आठवण, पण आठवणीत.

हे पाहा: 'आठवणीत राहिलेले सप्तशृंगीच्या वाटेवरचे गाव (२)'. उत्तर वणी. आ-ठ-व-णी-त या पाच अक्षरांत तिसरे-चौथे मिळून ते बसले आहे. 'त राहिलेले' हा इशारा, 'सप्तशृंगीच्या वाटेवरचे गाव' हा अर्थ. आता 'आठवण' हे मूळ रूप घेऊन शोधले असते तर 'वणी' कधीच सापडले नसते, कारण ती वेलांटी प्रत्ययामुळेच आली. 'पावसात चौथा हिस्सा (२)' याचेही तसेच. पाऊस या शब्दात 'पाव' नाही, पावसात या शब्दात आहे.

दुसरीकडे ही सूचना घ्या: 'तालुका वेळेत पोचला विक्रमाच्या खांद्यावर (३)'. इथे लपलेले काही नाही. पत्त्यात आपण 'ता. निफाड, जि. नाशिक' लिहितो, म्हणून तालुका म्हणजे 'ता'. तो 'वेळ' या शब्दाच्या आत पोचवा: वे-ता-ळ. विक्रमाच्या खांद्यावर बसलेला वेताळ. छापलेले रूप 'वेळे' आहे, पण घ्यायचे ते 'वेळ'.

मग कधी छापलेले रूप घ्यायचे आणि कधी मूळ? नियम सोपा आहे. शब्द वाक्यात लपलेला असेल तर छापलेले अक्षर प्रमाण. बाकी सगळ्या कृतींत, म्हणजे जोडणे, पोटात घालणे, उलटवणे, कापणे यांत शब्दाचे कोशातले मूळ रूप प्रमाण. कोडे रचणाऱ्याने यात घोळ घातला तर सोडवणाऱ्याला उकल पटत नाही, आणि दोष रचणाऱ्याचाच असतो.

'पुढे' हा इशाराही तसाच धोक्याचा. 'क'पुढे 'ख' लिहिला म्हणजे नंतर लिहिला. पण नावापुढे डॉक्टर लावले म्हणजे आधी लावले. दोन्ही बोलणे रोजचे आणि दोन्ही बरोबर, म्हणून कोड्यात 'पुढे' आणि 'मागे' टाळून 'आधी' आणि 'नंतर' वापरावे. 'खाली' आणि 'वर' मात्र उभ्या शब्दांसाठी अगदी नेमके आहेत. 'चंद्राखाली वटवृक्ष: होळकरांचा रंगमहाल इथे (४)' ही सूचना उभ्या शब्दाचीच असू शकते. चांद वरच्या दोन घरांत, वड खालच्या दोन घरांत: चांदवड. हीच सूचना आडव्या शब्दाला दिली तर 'खाली' खोटे पडते.

कृतींचे प्रकार

द्वयर्थी सूचना आपण 'कर'मध्ये पाहिली. मराठीत तिला एक खास सोय आहे. 'थोडेसे वार्धक्य (२)' याचे उत्तर जरा. थोडेसे या अर्थाच्या 'जरा'तला ज आपण दातांशी उच्चारतो, म्हातारपणाच्या 'जरा'तला टाळूशी. कानाला हे दोन शब्द, कागदावर एकच. घरात कागदावरचे अक्षर जाते, म्हणून सूचना निर्दोष आहे.

ध्वनीची सूचना याच्या उलट असते: कानाला एक, कागदावर वेगळे. दिन आणि दीन, शिर आणि शीर, सुत आणि सूत अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांवर ती उभी राहते. 'ऐकले तर दिवस, वाचले तर गरीब (२)' यात घरात 'दीन' लिहायचे, कारण वाचायला सांगितले आहे ते गरीब. मराठी जसे बोलतो तसे बरेचसे लिहितो, त्यामुळे असा साठा लवकर संपतो. ध्वनीच्या सूचना एका कोड्यात एकीपेक्षा जास्त नसाव्यात.

जोडशब्द हे मराठी गूढ कोड्याचे खरे बळ. 'कालव, मग चतुर्थांश वाढ: रविवार सकाळची न्याहारी (५)'. कालव म्हणजे मिसळ, चतुर्थांश म्हणजे पाव. एकात दुसरे वाढले की मिसळपाव. सूचना फसवते ती 'कालव' आणि 'वाढ' या स्वयंपाकघरातल्या आज्ञांमुळे. वाचणारा ताटातल्या पदार्थांत शोधत बसतो, आणि 'मिसळ' हीसुद्धा एक आज्ञा आहे हे त्याला उशिरा सुचते. जोडशब्द रचताना एक पथ्य पाळावे: शब्द ज्या तुकड्यांनी मुळात बनला त्याच अर्थाचे तुकडे पुन्हा देऊ नयेत. 'रामकुंड' साठी 'रघुनंदन, नंतर तळे' असे देणे म्हणजे कृती देण्याऐवजी अर्थच दोनदा सांगणे. तुकड्यांना नवे अर्थ मिळाले पाहिजेत.

कापण्याच्या सूचना छोट्या आणि गोड असतात. 'विमानाचे नाक तुटले, प्रतिष्ठा उरली (२)': विमानातला 'वि' गेला, मान राहिला. नाक, डोके, सुरुवात, टोपी म्हणजे पहिले अक्षर. शेपूट, पाय, शेवट म्हणजे अखेरचे. पोट, कंबर, गाभा म्हणजे मधले.

संक्षेपांची एक लहानशी यादी डोक्यात असली की पुष्कळ सूचना सैल होतात. पत्त्यातले मु., पो., ता., जि.; लग्नपत्रिकेतले चि. आणि सौ.; मृतांसाठी कै.; पैशांसाठी रु.; दिशांसाठी पू., प., उ., द. सूचनेत 'दिवंगत' दिसले की 'कै' आठवा, 'सवाष्ण' दिसली की 'सौ'.

एकाच उत्तराकडे किती वाटा असतात ते आपल्या नाशिक शहराच्याच नावावर पाहू. 'नकार दे, मग धडा घे: गोदाकाठचे शहर (३)': ना, मग शिक. 'पोहणे ना शिकलेल्यांत गोदाकाठचे शहर (३)': ना-शि-क ही तीन अक्षरे दोन शब्दांच्या सांध्यावर लपलेली. 'नारळ, शिकेकाई, कढीपत्ता यांचे आरंभ: कुसुमाग्रज राहत ते शहर (३)': तिन्ही जिनसांची पहिली अक्षरे. तिन्ही सूचना बरोबर आहेत, पण दुसरी सर्वांत सरस. तिच्यात वाक्य मराठी माणूस बोलेल असे आहे आणि शब्द उघड्यावर असून दिसत नाही. तिसरीत यादी दिसताच अनुभवी माणूस पहिली अक्षरे वाचून मोकळा होतो.

एक सूचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत

'यमाला विश्रांतीची संधी पंचवटीच्या मंदिरात (४)'. आडवा शब्द. समजा, छेदणाऱ्या उभ्या शब्दांमुळे तिसऱ्या घरात 'रा' आला आहे आणि चौथ्यात 'म'.

रेघ मारून पाहू. 'यमाला' हा अर्थ असेल का? त्यातून म-कारान्त चार घरांचा शब्द सहज सुचत नाही. शेवटून पाहू: 'मंदिरात' किंवा 'पंचवटीच्या मंदिरात'. दुसरा तुकडा जास्त नेमका. पंचवटीतली देवळे आठवू. कपालेश्वर पाच घरांचा, नारोशंकर पाच घरांचा, दोन्ही बाद. काळाराम चार घरांचा, शेवट रा-म. पण गोरारामही चार घरांचा, त्याचाही शेवट रा-म, आणि त्याचेही मंदिर इथेच. छेदाची दोन्ही घरे दोघांना सारखी आहेत. साधे कोडे असते तर इथे अंदाजच करावा लागला असता. बरेच जण ओळखीचे नाव म्हणून काळाराम लिहून पुढे जातात. उत्तर बरोबर आले तरी ते सोडवणे नव्हे.

कृतीकडे वळू. उरलेले शब्द: यमाला, विश्रांतीची, संधी. प्रत्यय काढले की यम, विश्रांती, संधी. यमासाठी काळ, अंतक. विश्रांतीसाठी आराम, विसावा, विराम. शेवटी रा-म हवा, म्हणून आराम किंवा विराम. काळ आणि आराम नुसते शेजारी ठेवले तर का-ळ-आ-रा-म, पाच घरे होतात. एक घर जास्त. आता तिसरा शब्द पाहा, जो अजून रिकामा आहे: संधी. वाक्यात तो 'मोका' या अर्थाने येतो, पण व्याकरणात संधी म्हणजे दोन स्वरांचे मिळून एक होणे. ळ मधला अ आणि पुढचा आ मिळून आ. काळ अधिक आराम, संधी करून, काळाराम. चार घरे. गोरारामाला यातले काहीही लागू पडत नाही. एकही शब्द उरला नाही, प्रत्येकाचे काम सांगता आले, आणि दुसरा उमेदवार बाद का तेही सांगता आले. याला उकल म्हणायचे.

या सूचनेत 'संधी' नसता आणि तरीही काळाराम अपेक्षित असता, तर ती सदोष ठरली असती. स्वर मिसळायचे असतील तर रचणाऱ्याने तसे सांगितलेच पाहिजे. न सांगता संधी करणे ही मराठी कोडी रचणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक आहे, कारण आपल्याला बोलताना संधी इतका सवयीचा असतो की तो केल्याचे ध्यानातच येत नाही.

उकल लिहायची पद्धत

गटाने कोडे सोडवताना प्रत्येकाने लांबलचक वाक्ये लिहिली तर तपासणे अवघड होते. थोड्या खुणा ठरवून घ्याव्यात. जोड असेल तर अधिकचे चिन्ह: चांद + वड. पोटात घातले असेल तर गोल कंस: वे(ता)ळ. उलटवले तर डावीकडे जाणारा बाण: सडा ←. विस्कटले तर शब्दानंतर फुली: कलम*. गाळलेले अक्षर चौकटी कंसात: [वि]मान. लपलेला शब्द असेल तर पूर्ण शब्द लिहून त्यातल्या उत्तराखाली रेघ. द्वयर्थी सूचनेत दोन्ही अर्थ लिहून मध्ये तिरकी रेघ. सूचनेतल्या अर्थाच्या तुकड्याखालीही रेघ मारावी; अर्थ आणि कृती यांची सरमिसळ तिथेच उघडी पडते.

उकल लिहिता येत नसेल तर उत्तर पेन्सिलीनेच ठेवा, आणि घराच्या कोपऱ्यात बारीक टिंब द्या. दोन-तीन छेद जुळले की टिंबाकडे परत यायचे. अर्धवट पटलेले एक उत्तर शाईने लिहिले की त्याला छेदणारे तीन-चार शब्द अडून बसतात, आणि आपण दोष त्या निर्दोष सूचनांना देत राहतो.

कोडे पुढ्यात आल्यावर पहिल्या सूचनेपासून क्रमाने जाण्याची गरज नाही. सगळ्या सूचना एकदा भरभर वाचा आणि लपलेले शब्द वेचा, कारण त्यांची उत्तरे छापलेलीच असतात. मग दोन घरांच्या द्वयर्थी सूचना. मग त्यांच्या छेदांवर जोडशब्द. विस्कटलेले आणि ध्वनीचे शेवटी. एका सूचनेवर पाच मिनिटांहून जास्त अडलात तर ती सोडून पुढे जा; परत येता तेव्हा वाक्याचे वरवरचे चित्र विसरलेले असते आणि शब्द सुटे दिसतात.

रचणाऱ्यांसाठी थोडेसे

मराठी उत्तरे बहुधा दोन ते पाच घरांची असतात. म्हणून इंग्रजीतला पंधरा बाय पंधराचा आराखडा आपल्याला फार मोठा पडतो. सुरुवातीला सात बाय सात, हात बसल्यावर नऊ बाय नऊ. छेदाच्या घरात शक्यतो बिनमात्रेची किंवा नुसत्या कान्याची अक्षरे येतील असे शब्द निवडा. 'त्र्यं' किंवा 'प्त' छेदात आले तर तिथे बसणारा दुसरा शब्द मिळता मिळत नाही. प्रत्येक शब्दाची निदान निम्मी घरे छेदली गेलेली असावीत.

अर्थाबाबत काटेकोर राहा. 'वेल उलटली की लय सापडते (२)' ही सूचना वाचायला छान आहे. लता उलटली की ताल. पण लय म्हणजे गती आणि ताल म्हणजे मात्रांचे ठरलेले आवर्तन. तबला शिकलेला कोणीही ही सूचना मान्य करणार नाही. 'वेल उलटली, तबलजीने धरला (२)' असे केले की दोष गेला. लिंग-वचनही सांभाळा. 'माळ' हा शब्द हार या अर्थाने स्त्रीलिंगी आणि ओसाड जमीन या अर्थाने पुल्लिंगी. 'गळ्यात घालायचा' असे लिहिले तर अर्थ चुकतो; 'गळ्यात घालायची ओसाड जागा (२)' असे लिहिले तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात, कारण जागा हा शब्दही स्त्रीलिंगीच आहे.

समानार्थी शब्दांबद्दल शंका आली तर कोश उघडावा, आठवणीवर विसंबू नये. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९३८) आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) हे दोन्ही आता संगणकावरही चाळता येतात. नाशिकमध्ये गटाने बसायचे तर १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय हे त्यासाठी हक्काचे ठिकाण. कोशात सापडलेला पण कोणीच न वापरणारा अर्थ अर्थाच्या भागात घालू नका. कृतीच्या भागात एखादा चालतो, कारण तिथे सरळ अर्थ सोडवणाऱ्याला आधार देतो.

सरावासाठी पाच

१. आठवड्यातला एक घाव (२)
२. उद्योग थंड, सातपूरच्या कारखान्यात राबतो तो (४)
३. अंपायरनंतर आयुर्वेदातली गोळी: सीतागुंफेचा परिसर (४)
४. मगर खवळली, कढत झाली (३)
५. थोडक्यात चिरंजीव, मग पावात बसणारा: नाशिकहून बांधून न्यायचा खाऊ (३)

उकल. पहिले: वार; आठवड्यातला एक / घाव. दुसरे: काम + गार, 'थंड' शब्दाने धंदा बसल्याचे चित्र उभे राहते, पण हवा आहे तो गार हा शब्द. तिसरे: पंच + वटी, पाच वडांशी या तुकड्यांचा काही संबंध नाही, पंच इथे सामन्यातला आणि वटी वैद्याची. चौथे: मगर* = गरम; तिन्ही अक्षरे बिनमात्रेची असल्यामुळेच हे जमले. पाचवे: चि + वडा, 'थोडक्यात' हा संक्षेपाचा इशारा, तो नसता तर चिरंजीव हा पूर्ण शब्द घ्यावा लागला असता.